पेजमेकर, दिवाळी अंक आणि दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम

विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार, हे मायक्रोसॉफ्टने खूप आधीपासून सांगून ठेवलं होतं. पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करणाऱ्या माझ्यासारख्याला ती तारीख कॅलेंडरवर शोधल्यावर खरी जाणवली. त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. म्हणजे आयत्या वेळी आलेल्या जाहिराती पानांत बसवण्याचे आणि ‘शेवटचा फॉर्म (एकत्र छापायच्या पानांचा संच) कधी देताय?’ असे छापखान्यातून फोन येण्याचे दिवस त्या तारखेला अगदी चिकटून. अशा वेळी कोणी कॉम्प्युटरला हात लावत नाही. त्यामुळे काय करायचं ते एकतर पावसाळ्याआधी ठरवायला हवं होतं, नाहीतर दिवाळीनंतर.

माझा लॅपटॉप २०१७ चा, इंटेलच्या सातव्या पिढीचा आय-५, रॅम ८ जीबी. मूळची हार्ड डिस्क काढून मी मागेच एसएसडी बसवून घेतली होती, त्यामुळे कामाला तो आजही चपळ आहे. पण विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिपही हवी. तपासणीच्या प्रोग्रॅमने सरळ ‘नाही’ असं उत्तर दिलं. ती अट चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या आहेत, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर लोकांची अप्रकाशित हस्तलिखितं पडलेली असतात, तिथे मला तो मार्ग नको होता.

नवा लॅपटॉप घेणं हा सर्वांत सोपा उपाय, आणि ज्याला परवडतं त्याने तो जरूर घ्यावा. माझ्याकडच्या मशीनचा कीबोर्ड उत्तम आहे, पडदा उत्तम आहे, बॅटरी बदललेली आहे. निव्वळ एका तारखेमुळे ते भंगारात काढायला मन धजेना. मग लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार सुरू झाला. त्यातही प्रश्न असा, की विंडोज काढून लिनक्स घालायचं, की दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायचं?

लिनक्स चांगलं की विंडोज, हा वाद मी मुद्दाम बाजूला ठेवला. त्याऐवजी एक वही घेतली आणि रोज संध्याकाळी त्या दिवशी काय काम केलं, कशात केलं, एवढंच लिहून ठेवायला लागलो. मेल. बँक. जीएसटीचं पोर्टल. लेखकाकडून आलेली वर्डची फाइल, तिच्यातल्या संपादकाच्या खुणा. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-आराखड्याने मजकूर टाइप करणं. पानं लावणं. मुखपृष्ठ चित्रकाराकडून तयार पीडीएफ येतं, त्याला मला हात लावावा लागत नाही. प्रूफांचे प्रिंट. आणि मधूनमधून जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती, म्हणजे पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅमची फाइल उघडणं.

या वहीने मला जे दाखवलं ते कोणत्याही तुलनात्मक लेखाने दाखवलं नसतं. माझं बहुतेक काम ब्राउझरमध्ये आणि साध्या लेखनात चालतं, त्याला कोणतीही सिस्टिम चालेल. विंडोजशिवाय खरोखर अडणारं काम एकच होतं, पेजमेकर आणि त्यासोबतचं जुन्या पद्धतीच्या मराठी फॉण्टचं पॅकेज. ते पॅकेज यूएसबीला डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी चावी, लावल्याशिवाय सुरू होत नाही.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ मधली. त्याला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला कोड देणारी आजची सर्वमान्य पद्धत, कळत नाही. त्या काळात मराठीसाठी जे फॉण्ट बनले, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. एका कोडवर काना, दुसऱ्यावर अर्धा श, तिसऱ्यावर रफार. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं, पण फाइलच्या आत असते ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फॉण्ट काढून घेतला की मजकूर वाचता येत नाही. महाराष्ट्रातल्या प्रकाशनांची कितीतरी वर्षांची पुस्तकं अशा फायलींमध्ये आहेत. माझ्याच कपाटातल्या हार्ड डिस्कवर कवितासंग्रह आहेत, स्थानिक इतिहासाची पुस्तकं आहेत, आता हयात नसलेल्या लेखकांची आत्मचरित्रं आहेत. त्यांचे शब्द एका कंपनीचा फॉण्ट, एक डोंगल आणि एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम अशा तीन कुलपांच्या आत बसलेले आहेत. विंडोज सोडण्याचा विचार करताना मला पहिल्यांदा हे इतकं स्पष्ट दिसलं, आणि त्याने मला फार अस्वस्थ केलं.

म्हणून ठरवायचं ते एवढंच होतं, की हे एक काम सांभाळण्यासाठी पूर्ण विंडोज ठेवायचं का, आणि ठेवायचं तर कुठे.

आधी मिंट हा लिनक्सचा प्रकार चालवून पाहिला. लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत. सी-डॅकचं ‘बॉस’ही आहे आणि मराठी माणूस म्हणून त्याबद्दल मला आपुलकी आहे. पण अडचण आली तर उत्तर चटकन सापडावं, हा माझा निकष होता. उबंटू आणि त्यावर आधारलेलं लिनक्स मिंट वापरणारे खूप असल्याने त्यांच्या अडचणींची उत्तरंही खूप आहेत. मिंट २२ हे उबंटू २४.०४ वर आधारलेलं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. माझ्या लॅपटॉपचं उरलेलं आयुष्य त्यात बसतं. फाइल तीन जीबीच्या आसपास. उतरवल्यावर ती धड उतरली का हे सांगणारा आकडा (चेकसम) जुळवून पाहिला, मग पेन ड्राइव्हवर चढवली आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला.

हा टप्पा कोणीही गाळू नये, असं मी आग्रहाने सांगेन. पेन ड्राइव्हवरून सिस्टिम चालते तेव्हा ती रॅममध्ये चालते. आपण होऊन इन्स्टॉलचं बटण दाबल्याशिवाय डिस्कवर काही लिहिलं जात नाही. आणि मशीनचं लिनक्सशी जमतं की नाही हे तिथल्या तिथे कळतं. वायफाय लागलं. आवाज आला. उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा चालल्या. झाकण मिटलं, उघडलं, तर मशीन नीट जागं झालं. लेझर प्रिंटरही आपोआप सापडला. जुना स्कॅनर मात्र दिसला नाही, तशी नोंद वहीत केली. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका सिस्टिमच्या आत खिडकीत, लिनक्स चालवून यातलं काही समजत नाही, कारण तिथे सिस्टिमला दिसतं ते खोटं हार्डवेअर असतं. व्हर्च्युअल मशीन प्रोग्रॅम शिकायला चांगलं, लॅपटॉप पारखायला नाही.

खरी परीक्षा अर्थातच मराठीची होती. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये मराठीचा सुधारित इनस्क्रिप्ट आराखडा तयारच होता, वेगळं काही घालावं लागलं नाही. बोटांना सवय होती तशीच अक्षरं उमटली. ‘र’च्या कळेवर शिफ्ट धरून ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द लिहून पाहिले. पाऊण र जागच्या जागी, नीट. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी आयबस या लिनक्सवरच्या टायपिंगच्या सोयीत मराठीचे अनेक आराखडे मिळतात. त्यात गमभन आहे, आणि टाइपरायटरची सवय असलेल्यांसाठी रेमिंग्टनही आहे. माझ्यासोबत टायपिंग करणाऱ्या ताई रेमिंग्टनवाल्या. त्यांना शेजारी बसवून एक पान करून घेतलं. एक-दोन चिन्हं वेगळ्या कळांवर होती. ती कागदावर लिहून घेतली आणि त्या म्हणाल्या, “चालेल हो, हाताला बसेल हे.” त्यांच्या या शब्दांनी माझं अर्धं काम झालं, कारण हंगामात निम्मा मजकूर त्यांच्या हातून जातो.

वर्डसारखं काम करणाऱ्या, मोफत लिब्रेऑफिसमध्ये एक गोष्ट पाहून मला मनापासून आनंद झाला. मजकुराची भाषा मराठी ठेवली आणि फॉण्ट तशी सोय असलेला निवडला, की ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. नोटोच्या देवनागरीत ही सोय आहे. टिरो देवनागरी मराठी तर मुळात मराठीसाठीच घडवलेला आहे. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, एक टाइपचा मुक्त आहे. हे सगळे फॉण्ट खुले आहेत, कोणत्याही सिस्टिमवर चालतात, पुस्तकात वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. विंडोजवरही ते चालतातच. पण तिथे मी जुन्या सवयीत होतो आणि यांच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

वर्डच्या फायलींनी थोडी अडचण केली. लेखक मंगल किंवा कोकिळा फॉण्टमध्ये लिहून पाठवतात. ते मायक्रोसॉफ्टचे फॉण्ट, लिनक्सवर नसतात. त्यांच्या जागी दुसरा फॉण्ट येतो, ओळी वेगळ्या ठिकाणी मोडतात, पानांची संख्या बदलते. ‘पान ४२ वरची तिसरी ओळ’ असं संपादकाने फोनवर सांगितलं तर ती ओळ माझ्याकडे पान ४३ वर असते. यावर तोडगा निघाला तो माणसांशी बोलून. ज्यांच्याबरोबर नेहमी काम असतं त्या संपादकांना मुक्त फॉण्ट पाठवला आणि दोघांनी तोच वापरायचा असं ठरवलं. संपादकाच्या दुरुस्तीच्या खुणा आणि शेरे मात्र लिब्रेऑफिसमध्ये व्यवस्थित दिसतात आणि परतही जातात.

पानं लावायला स्क्रायबस आहे. त्याची १.६ ही आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला आली. त्यात जोडाक्षरं नीट लागतात, जुन्या स्थिर आवृत्त्यांमध्ये ती लागत नव्हती. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांत पीडीएफ निघतं, छापखान्याला लागणारे पीडीएफ-एक्सचे प्रकारही आहेत. एक जुना लेख घेऊन चार रंगीत आणि काही एकरंगी पानांचा नमुना केला आणि छापखान्यात घेऊन गेलो. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांनी पीडीएफ उघडलं, रंगांच्या प्लेटा वेगवेगळ्या करून पाहिल्या, मजकुराचा काळा फक्त काळ्या प्लेटवर आहे ना हे तपासलं. मी स्क्रायबसबद्दल सांगायला लागलो तर म्हणाले, “अहो, तुम्ही कशात करता ते मला कशाला? फॉण्ट आत बसवलेलं पीडीएफ द्या, काळं काळ्यावर येऊ द्या. बाकी तुमचं तुम्ही बघा.” पुढे जाता जाता थांबून त्यांनी विचारलं, “पण जुन्या पेजमेकरच्या फायलींचं काय करणार?”

तोच तर प्रश्न होता.

त्याला मी तीन बाजूंनी भिडलो. पहिला प्रयत्न पेजमेकरशिवायच काम भागवण्याचा. लिब्रेऑफिस ड्रॉ पेजमेकरच्या फायली उघडतो, ही सोय २०१५ पासून आहे. फायली उघडल्या, चौकटी आल्या, मजकूर आला. पण ओळींमधली अंतरं आणि अक्षरांची जुळणी छपाईला देण्याजोगी नव्हती. मजकूर बाहेर काढायला उपयोग आहे, पान जसंच्या तसं मिळवायला नाही.

दुसरा प्रयत्न लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवण्याचा. कल्पना आकर्षक आहे. मशीन बंद-चालू करायला नको, एका खिडकीत पेजमेकर, दुसरीत लिब्रेऑफिस. हा प्रयोग एका मित्राच्या मशीनवर केला, त्याचीही रॅम माझ्याइतकीच. ८ जीबीमधली निम्मी पाहुण्याला (आतल्या विंडोजला) दिली की यजमानाकडे (लिनक्सकडे) फारसं काही उरत नाही. मोठी चित्रं असलेला अंक आणि उघडलेला ब्राउझर असं एकत्र चालेना. शिवाय डोंगल कधी आत दिसायचा, कधी दिसायचा नाही. सोळा जीबी रॅम असती आणि डोंगल नसता, तर मी इथेच थांबलो असतो, दुसरी सिस्टिम शेजारी बसवण्याच्या भानगडीत पडलो नसतो. तशी परिस्थिती ज्यांची आहे त्यांनी व्हर्च्युअल मशीनचा विचार आधी करावा.

उरला तिसरा मार्ग, दोन्ही सिस्टिम एकाच लॅपटॉपवर, सुरू करताना निवडायच्या.

याबद्दल मला जी शंका होती ती बसवण्याच्या कटकटीची नव्हती. ती कटकट एकदाच असते. शंका रोजच्या वापराची होती. एका सिस्टिममधून दुसरीत जायचं तर सगळं बंद करायचं, मशीन पुन्हा सुरू करायचं, पुन्हा सगळं उघडायचं. दिवसातून अनेकदा हे करावं लागलं तर माणूस कंटाळतो आणि ज्या सिस्टिममध्ये सगळं थोडंथोडं होतं तिथेच राहतो. दुसरी नुसती जागा अडवून बसते. ओळखीतल्या दोन-तीन जणांच्या लॅपटॉपवर असंच झालेलं मी पाहिलं होतं. इथे माझी वही पुन्हा कामी आली. पेजमेकरचं काम रोजचं नाही, ते सलग येतं. एखाद्या जुन्या पुस्तकाची आवृत्ती निघते, तेव्हा त्यात काही दिवस जातात, मग पुढे बराच काळ त्या फायलींची गरज पडत नाही. म्हणजे उड्या मारत बसायची वेळ येणार नव्हती. काम असं सरळ दोन भागांत तुटतं हे दिसल्यावर माझा निर्णय झाला. ते तसं तुटत नसतं तर मी दोन सिस्टिम ठेवल्या नसत्या.

निर्णय झाला तोवर ऑगस्ट उजाडला होता आणि अंकांचा मजकूर यायला लागला होता. मग मशीनला हात लावला नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ती पैसे न भरता मिळते. ती घेतली आणि संपूर्ण हंगाम विंडोजवर काढला. अंक वेळेवर गेले. जे कोणी हंगामी काम करतात, मग ते अक्षरजुळणीचं असो, हिशेबाचं असो वा शाळेच्या निकालाचं, त्यांनी असा मधला पूल वापरायला अजिबात संकोचू नये.

दिवाळी उलटल्यावर डिस्कचा प्रश्न घेतला. एकाच एसएसडीचे दोन भाग करायचे की लिनक्सला वेगळी डिस्क द्यायची? एकाच डिस्कवर करायचं तर विंडोजचा सी ड्राइव्ह आक्रसावा लागतो. रिकामी जागा भरपूर असली तरी विंडोज थोडीच सोडतं, कारण पेज फाइल आणि हायबरनेशनची फाइल यांसारख्या न हलणाऱ्या गोष्टी मध्ये बसलेल्या असतात. शिवाय दोघांचे बूट लोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारे छोटे प्रोग्रॅम, एकाच छोट्या विभागात राहतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर शेजारी लिनक्स असलेल्या कितीतरी मशीनवर लिनक्स सुरू होईना, हे जगजाहीर आहे. ती अडचण सिक्युअर बूटच्या (सिस्टिम सुरू होताना मशीन करतं त्या तपासणीच्या) नोंदीतली होती, वेगळ्या डिस्कनेही ती टळली नसती. पण एक डिस्क बिघडली, पुसली गेली, काढावी लागली तरी दुसरी तशीच्या तशी राहते, हे समाधान मला हवं होतं. माझ्या लॅपटॉपमध्ये एम.२ ची, म्हणजे छोट्या पट्टीसारखी एसएसडी बसवायची, एक खाच रिकामी होती. ती साटा प्रकारची आहे की एनव्हीएमई (डिस्क जोडण्याच्या या दोन पद्धती), हे मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून घेतलं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात आणि चुकीची डिस्क आणली तर ती चालत नाही.

दुकानातल्या मुलाने लॅपटॉप हातात घेताच विचारलं, “सर, फॉरमॅट मारून लिनक्स टाकून देऊ का? अर्ध्या तासात होईल.” मी त्याला फक्त नवी डिस्क बसवायला आणि जुन्या एसएसडीची केबल तात्पुरती सोडून ठेवायला सांगितलं. केबल सोडण्याचं कारण असं, की मिंटचा इन्स्टॉलर बूट लोडर कुठे टाकायचा हे विचारतो खरं, पण आपण नवी डिस्क निवडली तरी तो पहिल्या डिस्कवरच्या बूट विभागात जाऊन बसतो, हे पुष्कळांच्या अनुभवाला आलेलं आहे. डिस्कच जोडलेली नसेल तर तो प्रश्न राहत नाही. मुलगा समंजस होता. त्याने ऐकून घेतलं, आणि स्वतःच्या माहितीसाठी लिहूनही घेतलं.

त्याआधी घरी काही गोष्टी उरकल्या होत्या. सगळ्या कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि ती उघडते का हे दुसऱ्या मशीनवर पाहिलेलं. विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी सोय, चालू आहे का हेही पाहिलं. ते चालू असेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती जवळ नसेल तर आपलाच डेटा आपल्याला मिळत नाही. माझ्याकडे ते बंद होतं. ज्यांच्याकडे चालू असेल त्यांनी ती की कागदावर उतरवून घ्यावी, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवू नये. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्सला त्याची डिस्क नुसती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही.

बसवण्याचं काम खरोखर किरकोळ निघालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मग जुन्या डिस्कची केबल परत जोडून घेतली. आता लॅपटॉप सुरू केला की मिंट येतं. विंडोज हवं असेल तेव्हा सुरुवातीलाच बूट मेन्यूची कळ दाबून जुनी डिस्क निवडतो.

एक गोष्ट मात्र आधी ठाऊक असावी. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजतं. त्यामुळे भारतात विंडोज साडेपाच तास मागे दिसतं. इंटरनेट जोडलेलं असेल तर काही वेळाने विंडोज वेळ सुधारून घेतं. पण माझं विंडोज इंटरनेटपासून तोडलेलं आहे, तिथे ती कधीच सुधारली नसती. आणि अक्षरजुळणीत फाइलची वेळ म्हणजे केवळ शोभा नसते. दुपारी विंडोजमध्ये दुरुस्त केलेली फाइल सकाळची दिसली, तर कोणती प्रत शेवटची यावर घोटाळा होतो आणि जुनी प्रत छापखान्यात जाऊ शकते. मिंटमध्ये टर्मिनल उघडून एक आज्ञा दिली की लिनक्सही आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवू लागतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंग्जच्या यादीत, बदल करून त्यालाच जागतिक वेळ वाचायला लावणं हा दुसरा उपाय, मी तो निवडला. दोन्ही उपाय एकदम करायचे नसतात.

आता रोजचं सगळं काम मिंटमध्ये चालतं. विंडोजमध्ये पेजमेकर, फॉण्ट-पॅकेज आणि जुना स्कॅनर. वायफाय तिथे बंद, ब्राउझर नाही, मेल नाही. २०२६ च्या ऑक्टोबरनंतर वाढीव अपडेटही संपतील, तेव्हाही या बंद खोलीला फारसा धोका पोहोचू नये अशी व्यवस्था आहे. दोन्हींमध्ये फायलींची देवाणघेवाण विंडोजच्या डिस्कवरच्या एका फोल्डरमधून होते. विंडोजच्या डिस्कची एनटीएफएस ही रचना लिनक्स वाचतं आणि तिच्यावर लिहितं, विंडोजला लिनक्सची डिस्क आपणहून वाचता येत नाही.

आणि त्या खोलीतलं सामान मी हळूहळू बाहेर काढतो आहे. हातात जुनं पुस्तक आलं की पेजमेकरमधून मजकूर काढायचा, कन्व्हर्टरने युनिकोड करायचा आणि मूळ छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहायचा. कन्व्हर्टरवर पूर्ण विसंबून चालत नाही. रफार एक अक्षर पुढे-मागे जातो. वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. सर्वांत फसवी जागा पाऊण र. बरेच कन्व्हर्टर ती साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून लिहितात, आपण कीबोर्डवरून ‘ऱ’ वापरून लिहितो. डोळ्यांना दोन्ही सारखं दिसतं. पण शोधायला गेलं की ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ अर्ध्या पुस्तकात सापडतात आणि अर्ध्यात सापडत नाहीत. म्हणून रूपांतर झालं की सर्वांत आधी लिब्रेऑफिसच्या शोधा-बदला खिडकीत ते सगळे ‘र’ एकसारखे करून घेतो, मगच प्रूफाला बसतो.

या मार्गाने बाहेर आलेलं पहिलं पुस्तक एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या तालुक्यावर लिहिलेलं. ते आता नाहीत. त्यांच्या मुलीला युनिकोडमधली फाइल मेल केली, ती तिने मोबाइलवर उघडली आणि लगेच फोन केला. “काका, हे नुसतं दिसत नाही, शोधताही येतंय. मी आजीचं नाव टाकलं आणि ती पानं आली.” पुढची आवृत्ती तिला स्वतःला काढायची आहे, कोणाकडून आणि कशात हे ती ठरवेल. अण्णांनीही त्यांच्याकडच्या जुन्या फायलींची यादी पाठवली आहे. त्यातल्या ज्या फायलींचे मूळ फॉण्ट अजून सापडतात त्या आधी घ्यायच्या असं आमचं ठरलं आहे. पुढच्या अंकांचा मजकूर यायला लागेपर्यंत त्यातलं जेवढं होईल तेवढं उरकतो आहे.